आमच्या पथकाचा मोठा ढोल आणि त्यावरची दोन नावं

खामगावात बिगूल आणि ढोलांचं पथक निघालं तेव्हा त्यात वाजवणारे थोडे आणि चालवणारे फार होते. वाजवायला बिगूल लागतो आणि तो विकत आणावा लागतो. चालवायला खुर्ची पुरते. त्यामुळे अध्यक्ष, उपाध्यक्ष, आश्रयदाते, सल्लागार आणि सल्लागारांचे मदतनीस ही सगळी मंडळी पहिला बिगूल गावात यायच्या आधीच नेमून झाली होती. मी चिटणीस झालो. शाळेत मास्तर असल्यामुळे माझं अक्षर बरं होतं, आणि सभेत मला कोणी काही विचारत नसे, म्हणून मी कोणाला अडचणीचा नव्हतो.

पुढे या मंडळींचे सत्कार झाले. प्रत्येक सत्कारात ‘ज्यांनी आपल्या भागात या कलेची मुहूर्तमेढ रोवली’ असं वाक्य ठरलेलं असे. झेंड्याचा खांब रोवला त्या दिवशी मी तिथे हजर होतो. खड्डा हवालदारांनी खणला होता, आणि मंडळी कोणी कुठे उभं राहायचं यावर बोलत होती.

नावं मी देत नाही. त्यांतल्या दोन नावांनी पुरेसा मार खाल्ला आहे.

वाजवणाऱ्यांचे पुढारी म्हणजे हे हवालदार. मूळचे रोहिणखेडचे. पलटणीत बिगूल वाजवून पेन्शनीत आले होते. मिशा दोन्ही बाजूंना सारख्या याव्यात म्हणून ते आरशासमोर बराच वेळ घालवत. छातीवर एक बिल्ला असे. तो कुठे मिळाला हे ऐकणाऱ्यावर अवलंबून होतं. आम्हाला त्यांनी बसऱ्याचं सांगितलं होतं. एकदा सभेत बसऱ्याला जाऊन आलेला एक माणूस निघाला, तेव्हा तो बिल्ला फ्रान्सात मिळालेला ठरला.

बिगूल हे वाद्य फारच साधं. त्याला भोकं नाहीत, चाव्या नाहीत. पाचेक सूर निघतात, तेही ओठ आवळून काढायचे. आमच्या पुढाऱ्यांना ते एकदम का आवडलं, हे मला हळूहळू कळलं. त्याच्याजवळ सांगण्यासारखं फार थोडं असतं, पण ते फार लांबवर ऐकू जातं.

तालीम कापसाच्या बाजारामागच्या मोकळ्या जागेत चाले. तिथेच कापसाच्या गाड्या सुटायच्या. पहिले काही दिवस तर बिगूल वाजला की बैल दावं तोडून पळत.

“ओ हवालदार,” एक गाडीवान म्हणाला, “ते भोंगे थांबवा ना जरासे. बैल बिथरून राह्यले.”

“भोंगा नाही बे. सलामी हाय ते,” हवालदार म्हणाले.

“मंग बैलाले काऊन देऊन राह्यले सलामी?”

हवालदारांनी बिगूल पुन्हा ओठाला लावला. त्यांच्या डोक्यात तेव्हाही नागपूर होतं.

नागपूरची गोष्ट अशी. हवालदारांच्या पलटणीतला एक जोडीदार तिथे पोलिसांच्या बँडमध्ये होता. पलटणीत मोठा ढोल त्याच्या गळ्यात असे आणि हवालदार मागच्या रांगेत बिगूल वाजवत. तो जोडीदार सगळ्यांसमोर म्हणायचा, “बिगुल क्या है? बकरी के मुँह में दो तो वो भी बजा ले. पलटन चलती है ढोल पर.” हे वाक्य हवालदारांनी पेन्शनीसोबत घरी आणलं होतं. दर हिवाळ्यात नागपूरच्या मैदानावर जिल्ह्याजिल्ह्यांच्या पथकांचं संचलन होई, आणि पोलिसांचा बँड त्या वेळी मैदानाच्या कडेला उभा असे.

“मास्तर,” हवालदार मला म्हणाले, “एकडाव त्याच्यासमोरून माहं पथक न्यायचं हाय. आपला मोठा ढोल घेऊन. बाकी मले कायी नाही पायजे.”

त्यासाठी दोन गोष्टी लागत होत्या. एक मोठा ढोल, आणि दुसरी बुलढाण्याच्या डेप्युटी कमिशनर साहेबांची शिफारस. शिफारशीआधी साहेबांनी पथक बघायला हवं, आणि पथक बघण्यासारखं व्हायला ढोल हवा.

ढोल दोघांनी मिळून दिला. एक होते जिनवाले शेठ. सरकी वेगळी करण्याच्या त्यांच्या कारखान्याचा भोंगा वाजला की अर्धं गाव जेवायला उठे. दुसरे देशमुख. त्यांची जमीन इतकी होती की तिच्यातून चालत जायचं त्यांना कधी सुचलं नाही. दोघं पथकाचे आश्रयदाते. दोघांनाही संपूर्ण ढोल एकट्याने द्यायचा होता, पण तसं झालं असतं तर दुसऱ्याने दुसरं पथक काढलं असतं. म्हणून अर्धा-अर्धा ठरला. आमच्या प्रांताला हे नवीन नव्हतं. वऱ्हाड कागदावर निजामाचं, कारभार इंग्रजांचा, मोठ्या कचेऱ्या नागपूरला आणि कापूस आमचा. त्यात ढोलाला दोन मालक असले तर कोणाला खटकणार?

शिवाय ढोलाला तोंडं दोन असतात. देणाऱ्याचं नाव दिलेल्या वस्तूवर घालायची रीत होतीच. धर्मशाळेच्या बाकापासून देवळातल्या घंटेपर्यंत ती सगळीकडे पाळली जाई. तेव्हा एका तोंडावर शेठ, दुसऱ्यावर देशमुख. इतकी सोयीची वस्तू देवाने दुसरी केली नसेल असं आमचे अध्यक्ष म्हणाले. अध्यक्ष वकील होते. देवाच्या बाजूने ते क्वचितच बोलत.

प्रश्न एवढाच उरला की उजवी बाजू कोणाची. मोठा ढोल छातीवर आडवा बांधतात, म्हणजे एक तोंड उजवीकडे येतं आणि एक डावीकडे. उजवी बाजू मानाची. पंगतीत उजवा हात मोठ्याचा, आणि सभेत अध्यक्षांच्या उजवीकडची खुर्ची देशमुखांची होती. यावर दोन सभा झाल्या. शेवटी देशमुखी जुनी, जिन नवं, असा निकाल वकीलसाहेबांनी दिला. देशमुख उजवीकडे गेले. शेठ घरी गेले आणि पुढच्या सभेला आले नाहीत.

दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरला बोलावलं. पाटी आणि कातडं यांत त्याने काही भेद केला नाही. तेलरंगाची ठसठशीत, सावली दिलेली अक्षरं काढली. वर ‘श्रीमान’, मध्ये नाव, खाली ‘यांजकडून सप्रेम भेट’. अक्षरं इतकी मोठी की रंगाशिवाय राहिलेलं कातडं शोधावं लागे.

ढोल वाजवायला दूधवाला पहिलवान निवडला होता. ढोल त्याच्या छातीवर चढला की ढोलच लहान दिसे. पहिल्या दिवशी हवालदारांनी बिगुलांना इशारा केला, लहान ढोल तडतडले आणि पहिलवानाने उजव्या हातातला दांडा फिरवून उजव्या कातड्यावर मारला. माणूस उजव्या हातानेच जोर लावतो, आणि उजवा हात उजव्या बाजूवरच पडतो. दोन सभांमध्ये हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. आम्ही बाजू मानाप्रमाणे ठरवल्या होत्या. दांडा कुठे बसतो हे कोणीच विचारलं नव्हतं.

गाड्यांवर बसलेल्यांत देशमुखांच्या गावचे गाडीवान होते. त्यांतल्या एकाला वाचता येत होतं.

“अबे, देशमुखाले हानून राह्यला थो,” तो म्हणाला.

सगळी गाडी उठून बसली.

“हान, पहिलवान. दमानं नको. आजून एक.”

“हा माह्या गोऱ्ह्याचा. कोंडवाड्यात घातला होता, त्याचा.”

“आता बरुबर ‘श्रीमान’वर.”

पहिलवानाला प्रेक्षक आवडत. त्याने जोर वाढवला. त्या दिवशी पथक इतकं सुरेख चाललं की हवालदारांचे डोळे भरून आले. पाय एकदम पडत होते. नेमकी त्याच वेळी देशमुखांची दमणी, म्हणजे बसायची हलकी बैलगाडी, बाजाराच्या कोपऱ्यावर आली. ते आपलं नाव कसं दिसतं ते बघायला आले होते.

दुसऱ्या दिवशी सभा भरली.

“म्या ढोल देल्ला,” देशमुख म्हणाले, “पाठ नाही देल्ली. भर बाजारात मले बडवून राह्यले, आन् लोकं फर्माईश करून राह्यले. ढोल फिरवा. मले डावी बाजू पायजे.”

मधली सभा चुकवलेले शेठ या सभेला मात्र आवर्जून आले होते. ते फार नम्रपणे बोलले.

“भाऊसाहेब, उजवी बाजू मानाची. ती तुम्हाला मिळाली. तुमचा मान मी काढून घेऊ? मला पाप लागेल.”

“पाप लागू द्या. तुमी उजवीकडे या.”

“नाही नाही. मी डावीकडे खुश आहे. माझी लायकी तेवढीच.”

वकीलसाहेबांनी तोड सुचवली. दोन दांडे घ्यावेत आणि दोन्ही बाजूंना समसमान वाजवावं. हे ऐकताच शेठची नम्रता संपली. ते म्हणाले, “कापसाच्या गासडीवर माझं नाव छापतात. ते नाव मुंबईपर्यंत जातं. त्या नावावर हा पहिलवान दांडा मारणार?”

नावं खरवडून काढता येतील का असं पेंटरला विचारलं. तो म्हणाला, रंग चांगला वापरलाय, खरवडलं तर कातडं फाटेल. रंगाचं हे कौतुक त्याने आनंदाने केलं.

शेवटी ठराव झाला. तो मीच लिहिल्यामुळे मला पाठ आहे. मोठा ढोल पथकात राहील, पहिलवान तो छातीवर बांधील आणि दांडा रीतीप्रमाणे फिरवील, परंतु दांडा कोणत्याही बाजूच्या कातड्यास लागणार नाही. ठराव एकमताने पास झाला. वाजवणाऱ्यांना मत नव्हतं.

“वकीलसाहेब,” हवालदार उभे राहिले, “ढोल नाही वाजला तर पोरांचे पाय कशावर पडतीन?”

“जमिनीवर,” वकीलसाहेब म्हणाले आणि सभा बरखास्त झाली.

हवालदार माझ्यासोबत बाहेर आले. “बकरीवाली बात खरी होऊन राह्यली, मास्तर,” ते म्हणाले. “नागपूर गेलं.”

नागपूर अजून गेलं नव्हतं, पण दिसतही नव्हतं. तालमीत पहिलवान दांडा गरागरा फिरवी आणि कातड्यापासून बोटभर अंतरावर थांबवी. “मारण्यापरीस न मारायले जास्त ताकद लागते,” तो कुरकुरे. “खांदा भरून आला माहा.” ताल धरायला ठोका नसल्यामुळे पुढच्या रांगेचा डावा पाय पडे तेव्हा मागची रांग उजव्यावर असे आणि मधली रांग विचारात. गाडीवानांनी दोन दिवस वाट पाहिली आणि मग ते बघायचे बंद झाले.

अशा अवस्थेत साहेबांच्या येण्याचा दिवस उगवला. शाळेच्या मैदानावर बक्षीस समारंभ होता. साहेब जलंबहून शाखेच्या गाडीने खामगाव स्टेशनात उतरले. फलाटावर पथकाचे सगळे पुढारी हार घेऊन ओळीने उभे होते. वकीलसाहेबांनी एकेकाची ओळख करून दिली. साहेबांनी एकेकाचा हात हलवला. शेठचाही हलवला, देशमुखांचाही हलवला. इतके हात हलवल्यावर कोणता कोणाचा हे लक्षात ठेवणारा साहेब मी पाहिलेला नाही.

मैदानाच्या पायऱ्यांवर साहेब उभे राहिले आणि पथक समोरून निघालं. बिगूल ठीक वाजले. पाय जसे पडायचे तसे पडले. मध्यभागी पहिलवान अत्यंत गंभीर चेहऱ्याने दांडा फिरवत होता आणि ढोलातून काहीच येत नव्हतं.

साहेब बराच वेळ पाहत राहिले. त्यांना मराठीची परीक्षा द्यावी लागली होती, त्यामुळे ते वाचू शकत. पथक इकडून तिकडे गेलं तेव्हा त्यांनी एका बाजूचं नाव अक्षर अक्षर लावून वाचलं, आणि तिकडून परत आलं तेव्हा दुसऱ्या बाजूचं. मग त्यांचा चेहरा बदलला. ते वकीलसाहेबांकडे झुकून हळू आवाजात इंग्रजीत काहीतरी म्हणाले. वकीलसाहेबांनी नेहमीच्या सवयीने “येस सर” म्हटलं. साहेबांनी टोपी काढून छातीशी धरली.

साहेबांच्या मुलखात मोठा माणूस मेला की ढोलावर काळं कापड घालून त्याचा आवाज दाबतात आणि तसंच चालतात. हे आम्हाला ठाऊक नव्हतं. हवालदारांना ठाऊक असायला हवं होतं, पण ते पाय मोजत होते. साहेबांनी विचारलं होतं की ही दोन माणसं वारली आणि त्यांच्या दुखवट्यात हा ढोल मुका ठेवला आहे, असंच ना? वकीलसाहेबांनी नंतर मला सांगितलं की खरी हकिकत इंग्रजीत सांगायला फार वेळ लागला असता, आणि ती सांगण्यासारखीही नव्हती. शिवाय त्यांची सारी वकिली समोरच्या खुर्चीला होय म्हणण्यात गेली होती.

साहेब मराठीत भाषण करत. त्याचा त्यांना अभिमान होता.

“ह्या दोन सज्जनांना मी भेटू शकलो नाही,” ते म्हणाले, “ह्याचा मला फार खेद आहे.”

दोघं सज्जन पुढच्या रांगेत हार गुंडाळून मांडीवर ठेवून बसले होते.

“ते ह्या जगातून गेले. परंतु त्यांचा ढोल आहे. आणि तो मौन आहे. ह्या प्रांतात मी पुष्कळ सभा पाहिल्या. मौन कोठे पाहिले नाही.”

देशमुख अर्धवट उठले. वकीलसाहेबांनी त्यांचा कोट धरून खाली बसवलं. शेठना साहेबांचं मराठी नीट लागलं नव्हतं. ते माझ्या कानाशी आले.

“मास्तर, साहेब कोणाबद्दल बोलतात?”

“तुमच्याबद्दल, शेठजी.”

“चांगलं बोलतात?”

“फारच चांगलं.”

“काय झालं म्हणतात मला?”

“वारलात.”

शेठनी हार उलटा सुलटा करून पाहिला आणि पुन्हा मांडीवर ठेवला. साहेबांनी आणखी बरंच सांगितलं. दोघांचं दातृत्व, दोघांची साधी राहणी, प्रजेचं त्यांच्यावरचं प्रेम. शेवटी म्हणाले, “हे नागपूरने पाहिले पाहिजे. मी तसे लिहीन.” मैदानाच्या टोकाला हवालदारांची मान ताठ झाली. मिशांची टोकं वर गेली.

साहेब गेल्यावर सभा भरली. अशी गडबडीची सभा मी दुसरी पाहिली नाही.

“उद्याच बुलढाण्याले जातो,” देशमुख म्हणाले, “आन् साहेबासमोर उभा राह्यतो. म्हनतो, पाहा.”

“जा,” वकीलसाहेब म्हणाले. “पण मग साहेब विचारतील, ढोल का वाजवला नाही. तेव्हा काय सांगाल? गाडीवानांचं सांगाल?”

देशमुख खुर्चीत मागे टेकले.

“शिवाय शिफारस जाईल,” मी म्हणालो.

“मंग म्या मेलेलाच राहू?”

“फकत नागपूरपरेंत, भाऊसाहेब,” हवालदार हात जोडून म्हणाले. “तिथून आलो की जिते व्हा.”

या विनंतीत इतकी कळकळ होती की दोघंही विचारात पडले. खरं कारण वेगळं असावं असं मला वाटतं. साहेब त्या दोघांबद्दल जे बोलले होते, ते जिवंतपणी कोणी बोललं नव्हतं. शेठनी मला ते भाषण जसंच्या तसं उतरवून द्यायला सांगितलं. साधी राहणी दोनदा लिहा म्हणाले.

पण मरणाचा त्रास व्हायचा तो झालाच. भाषण ऐकलेला कोणी माणूस मेहकरकडे गेला आणि बातमी त्याच्या आधी पोचली. चार-सहा दिवसांत देशमुखांचे तिकडचे डोणगावचे सोयरे दोन दमण्या भरून दारात उतरले. बायका रडतच आल्या. दार देशमुखांनी स्वतः उघडलं.

“हे काय हो भाऊसाहेब,” सोयरे म्हणाले. त्यांच्या आवाजात थोडी नाराजी होती. एवढ्या लांबून आले होते.

“नागपूरपरेंतच मेलो हाय,” देशमुख म्हणाले. “या, बसा. जेवून जा.”

शेठकडे तसं काही झालं नाही. मात्र बाजारात ते दिसले की दलाल लोक त्यांना जरा जास्त वेळ न्याहाळत. पहिलवानाला हे सगळं समजावून सांगावं लागलं. “म्हंजे आता थे मेलेले हायेत म्हनून नाही वाजवायचं,” तो म्हणाला, “आंदी जिते होते म्हनून नाही वाजवायचं. मले काय, दांडाच फिरवायचा हाय.”

नागपूरला पथकासोबत पुढारी सगळे आले. वाजवणाऱ्यांना डबा अपुरा पडला. ढोल शेठ आणि देशमुख यांच्या मध्ये ठेवला होता. वर्धा मागे पडेपर्यंत ते एकमेकांशी बोलले नाहीत. मग देशमुख म्हणाले, “शेठजी, मेल्यावर कसं वाटून राह्यलं?” शेठ म्हणाले, “भूक लागते, भाऊसाहेब.” तिथून दोघांची बरी गट्टी जमली.

मैदान मोठं होतं. कडेला पोलिसांचा बँड उभा होता, आणि त्यात चकचकीत ढोल छातीवर घेतलेला एक पांढऱ्या मिशांचा माणूस. हवालदारांनी त्याला लांबूनच ओळखलं, पण ओळख दाखवली नाही. दुसऱ्या जिल्ह्यांची पथकं आमच्या आधी गेली. त्यांचे ढोल दणाणत होते. काहींवर देणाऱ्याचं नावही होतं, पण लहान अक्षरांत कडेच्या लाकडावर. वकीलसाहेबांनी ते पाहिलं आणि मान दुसरीकडे वळवली.

आमचं पथक आत शिरलं. कर्ण्यातून एका गृहस्थाने सांगितलं की बुलढाणा जिल्ह्याचं हे पथक आपल्या दोन दिवंगत आश्रयदात्यांच्या स्मरणार्थ मोठा ढोल मुका ठेवून संचलन करत आहे. मंचावरची सगळी बडी मंडळी उठली. टोप्या निघाल्या, पागोटी तशीच राहिली. पोलिसांचा बँड सावधानात आला. पांढऱ्या मिशांच्या माणसाने हात उचलून सलाम धरला.

हवालदारांना जे हवं होतं ते हेच. मी पथकाच्या बाजूने चालत होतो, म्हणून मला त्यांचा चेहरा दिसला. पण पुढच्याच क्षणी जोडीदाराची नजर खाली आमच्या पायांकडे गेली. डावे पाय, उजवे पाय, आणि काही पाय हवेत. सलाम धरलेला हात तसाच राहिला, फक्त त्या पांढऱ्या मिशा हलायला लागल्या. त्याला हसू आवरत नव्हतं.

त्याच वेळी मंचाशेजारच्या खुर्च्यांत देशमुख उभे राहिले. एवढी मोठी माणसं आपल्यासाठी टोप्या काढून उभी आहेत आणि आपण मागच्या खुर्चीत निनावी बसलो आहोत, हे त्यांना सोसेना.

“हान बे,” ते ओरडले. “पहिलवान, हान. जिता हाव म्या.”

पहिलवानाने दांडा हवेत थांबवला आणि हवालदारांकडे पाहिलं. हवालदारांनी आधी जोडीदाराच्या सलामाकडे पाहिलं, मग त्याच्या मिशांकडे. ढोल मुका राहिला तर सलाम टिकत होता. वाजला तर पाय टिकत होते.

“बजाव,” हवालदार म्हणाले.

कित्येक दिवसांचं न मारणं पहिलवानाच्या खांद्यात साठलं होतं. त्याने उजव्या बाजूवर असा दांडा हाणला की ‘श्रीमान’चा तुकडा उडून माझ्या कोटावर पडला. आवाज मात्र रंगाने मेलेल्या कातड्याचा, सरकीच्या पोत्यावर बुक्की मारावी तसा आला. पण ठोका तो ठोका. पुढच्या रांगेचा डावा पाय त्यावर पडला, मग मधल्या रांगेचा, आणि मागची रांगही विचार करायची थांबली.

“मले आजून एक,” देशमुख ओरडले.

“अरे, इकडे पण,” शेठ खुर्चीवर चढले होते. “डावी बाजू आहे की नाही? मीपण आहे.”

पहिलवानाने दुसरा दांडा काढला. दोन्ही बाजूंनी रंगाचे पापुद्रे उडत, पाय एकदम पडत, पथक पोलिसांच्या बँडसमोरून गेलं. मंचावरच्या मंडळींना आता बसावं की उभं राहावं ते कळेना. काहींनी टोप्या घातल्या, काहींनी घालून परत काढल्या. कर्ण्यातले गृहस्थ ‘दिवंगत’ म्हणून थांबले ते थांबलेच.

संचलन संपल्यावर तो जोडीदार आला. आधी त्याने हवालदारांना मिठी मारली नाही, ढोलाच्या कातड्यावर अंगठा दाबला.

“ये किसने रँगा?”

“पेंटर ने,” हवालदार म्हणाले.

“चमडा मर गया है इसका.”

“मालूम है. लेकिन पैर देखे?”

जोडीदाराने अंगठा कातड्यावरून उचलला. “पैर ठीक थे,” तो म्हणाला. मग त्याने मिठी मारली. त्याची मिशी हवालदारांच्या मिशीत अडकली आणि दोघांच्याही सारख्या उरल्या नाहीत. हवालदारांनी त्या दिवशी त्या नीट केल्या नाहीत.

आम्हाला कसलंही बक्षीस मिळालं नाही. साहेबांनाही खरी गोष्ट कळली असणार, पण आपण दोन जिवंत माणसांसमोर त्यांच्या मृत्यूचं भाषण केलं हे त्यांनी कुठे बोलून दाखवलं नाही. त्यानंतर आम्ही नागपूरला पुन्हा गेलो, तेव्हा साहेबांची शिफारस पथक न बघताच, फार लवकर आली होती.

त्या पहिल्या खेपेला परतताना जलंबला खामगावच्या गाडीसाठी थांबलो होतो. ढोल फलाटावर उभा केला होता. दोन्ही नावांची निम्मी अक्षरं गळून गेली होती, आणि शेठ नि देशमुख चष्मे लावून कोणाची जास्त गेली ते तपासत होते.

“माहं आडनाव पुरं गेलं,” देशमुख समाधानाने म्हणाले. “मले जास्त हानलं.”

“तुम्ही उजवीकडे होता म्हणून,” शेठ म्हणाले. “मान होता तुमचा. पुढच्या वेळी मला उजवीकडे घ्या.”

“कायले घेऊ? थे बाजू माही हाय.”

वकीलसाहेबांनी डोळे मिटून घेतले. लांबून मुंबईकडून येणाऱ्या मोठ्या गाडीचा धूर दिसला. देशमुखांनी पहिलवानाला हाक मारली आणि ढोल रुळांकडे उजवं तोंड करून धरायला लावला.

“गाडी थांबली की हान,” ते म्हणाले. “डब्यातली लोकं पाहून राह्यले पायजेत.”

शेठ उठले आणि आपलं नाव रुळांकडे यावं म्हणून त्यांनी ढोल फिरवायला सुरुवात केली.